हृदयप्रत्यारोपणानंतर स्टेरॉइड कमी करताना

प्रेडनिसोलोन या स्टेरॉइडचा डोस उतरला की रुग्णाला त्याच दिवशी सुटल्यासारखं वाटतं. हृदयाला त्या दिवशी काहीच कळलेलं नसतं. रिजेक्शन (शरीराने नवं हृदय परकं समजून त्यावर हल्ला करणं) व्हायचंच असेल तर ते दोन-चार आठवड्यांनी, कधी त्याहून उशिरा डोकं वर काढतं, आणि घाई झालेली असेल तर तोवर पुढचा डोसही उतरलेला असतो. मग नेमकी कोणती पायरी महागात पडली हे कळायला मार्ग राहत नाही. म्हणून इथे गोळ्यांच्या आकड्यांइतकीच जागा दोन पायऱ्यांमधल्या आठवड्यांना दिली आहे.

हे रुग्णांसाठी, घरच्यांसाठी आणि मधल्या काळातलं किरकोळ आजारपण बघणाऱ्या फॅमिली डॉक्टरांसाठी आहे. डोस ठरवायचा तो प्रत्यारोपणाच्या टीमनेच. आपल्या मनाने अर्धी गोळीसुद्धा कमी करायची नाही. खालचे आकडे टीम काय करते आहे आणि का करते आहे ते समजण्यासाठी आहेत. प्रत्येक केंद्राची पद्धत थोडी वेगळी असते.

सुरुवात कुठून होते

शस्त्रक्रियेत नव्या हृदयात रक्त सोडण्याआधी मेथिलप्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड ५०० ते १००० मिलिग्रॅम शिरेतून देतात. त्यानंतर साधारणपणे दर आठ तासांनी १२५ मिलिग्रॅम, असे तीन डोस. तोंडाने घेता यायला लागलं की प्रेडनिसोलोन, वजनाच्या दर किलोमागे रोज अर्धा ते एक मिलिग्रॅम. जोडीला टॅक्रोलिमस (किंवा सायक्लोस्पोरिन) आणि मायकोफेनोलेट.

या तिघांत टॅक्रोलिमस टी-पेशींना (परक्यावर हल्ला करणाऱ्या पांढऱ्या पेशींना) जागं करणारा संदेश अडवतं आणि मायकोफेनोलेट त्या पेशींची संख्या वाढू देत नाही. स्टेरॉइड मात्र सगळीकडेच हात मारतं: सूज, प्रतिकारशक्ती, साखर, हाडं, स्नायू, त्वचा, झोप, मूड. पहिल्या महिन्यात हा आडदांडपणा हवाच असतो, कारण रिजेक्शनचा धोका तेव्हा सर्वांत जास्त असतो. पुढे धोका उतरत जातो, पण स्टेरॉइडचं नुकसान साचत जातं. हाडांची झीज तर पहिल्या सहा ते बारा महिन्यांतच सर्वांत वेगाने होते. १९६७ च्या डिसेंबरमध्ये केपटाउनला झालेल्या माणसाच्या पहिल्या हृदयप्रत्यारोपणात रुग्ण अठराव्या दिवशी गेला तो न्यूमोनियाने. प्रतिकारशक्ती किती दाबायची, हा प्रश्न या शस्त्रक्रियेइतकाच जुना आहे.

कोणाचं उतरवावं, कोणाचं नाही

आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनुसार कमी धोक्याच्या रुग्णांमध्ये तीन ते सहा महिन्यांनंतर स्टेरॉइड पूर्ण बंद करण्याचा प्रयत्न करता येतो. कमी धोका म्हणजे रक्तात दात्याविरुद्धची अँटिबॉडी नाही, आधी रिजेक्शन झालेलं नाही, वय फार कमी नाही आणि अनेक बाळंतपणं झालेली नाहीत. शेवटच्या मुद्द्याचं अनेकांना नवल वाटतं. गर्भारपणात आईचं शरीर बाळातल्या वडिलांकडून आलेल्या परक्या खुणा ओळखायला शिकतं, आणि त्या अँटिबॉडी पुढे दात्याच्या हृदयावरही उलटू शकतात. वारंवार रक्त चढवल्यामुळे किंवा प्रत्यारोपणाआधी हृदयाचा पंप बसवल्यामुळेही असंच होऊ शकतं.

स्टेरॉइडमुळे त्रास ठळक असेल (आवाक्यात न येणारी साखर, मणक्याचं फ्रॅक्चर, स्नायूंची झीज) आणि गेल्या सहा महिन्यांत रिजेक्शन नसेल, तर प्रयत्न करायलाच हवा. उलट ज्यांची टॅक्रोलिमसची लेव्हल (रक्तातलं प्रमाण) सतत वर-खाली होते, गोळ्या चुकतात, दुसऱ्यांदा प्रत्यारोपण झालं आहे किंवा अँटिबॉडी आहे, त्यांना कमीत कमी डोसवर, बहुधा रोज ५ मिलिग्रॅमच्या आसपास, ठेवणं शहाणपणाचं. शून्यावर येणं ही काही शर्यत नाही. २० वरून ५ वर येण्यात जो फायदा आहे तो ५ वरून शून्यावर येण्यातल्या फायद्याहून बराच मोठा आहे.

पहिली पायरी उतरण्याआधी

बायॉप्सी (हृदयाच्या स्नायूचा छोटा तुकडा काढून केलेली तपासणी) ०आर किंवा १आर हवी; ०आर म्हणजे रिजेक्शन नाही, ३आर म्हणजे तीव्र. २आर म्हणजे स्नायूपेशींना इजा झालेल्या दोन किंवा अधिक जागा. तिथे कमी करण्याचा विषयच थांबतो. अँटिबॉडीमुळे होणाऱ्या रिजेक्शनची वेगळी श्रेणी असते, तीही शून्य हवी. इकोमध्ये हृदयाचं पंपिंग, भिंतीची जाडी आणि हृदयाभोवतीचं पाणी यांची नोंद करून ठेवा, कारण पुढचा इको या नोंदीशीच ताडून बघायचा असतो. दात्याविरुद्धच्या अँटिबॉडीची रक्ततपासणी करा. मायकोफेनोलेटचा डोस पुरेसा असावा; पांढऱ्या पेशी कमी झाल्या म्हणून तो नुकताच निम्मा केला असेल, तर स्टेरॉइडला हात लावायची ही वेळ नव्हे.

टॅक्रोलिमसची लेव्हल लागोपाठ दोनदा ठरलेल्या पट्ट्यात यायला हवी. साधारण पट्टा असा: पहिले दोन महिने १० ते १५ नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर, तिसऱ्या ते सहाव्या महिन्यात ८ ते १२, त्यानंतर ५ ते १०. रक्त सकाळच्या गोळीच्या आधी, म्हणजे रात्रीच्या गोळीनंतर बारा तासांनी द्यायचं. गोळी घेऊन रक्त दिलं की लेव्हल खोटीच जास्त येते, त्यावरून टॅक्रोलिमस कमी केलं जातं, आणि त्याच आठवड्यात स्टेरॉइडही उतरलेलं असतं. दोन्ही टेकू एकदम काढल्यासारखं होतं. तपासणीच्या दिवशी सकाळची गोळी डबीत घालून सोबत न्या आणि रक्त दिल्यावर लगेच घ्या.

आणखी एक यादी करा: शरीरात इतर वाटांनी जाणाऱ्या स्टेरॉइडची. दम्याचा इनहेलर, त्वचेची मलमं, सांध्यात घेतलेलं इंजेक्शन, आणि ‘सांधेदुखीवर हमखास’ म्हणून मिळणारी, घटक न लिहिलेली औषधं. या शेवटच्या प्रकारात स्टेरॉइड मिसळलेलं सापडतं. ते चालू असताना कागदावर डोस कमी झालेला दिसतो, शरीरात मात्र तसा झालेला नसतो.

उतरण कशी असते

साठ किलो वजनाच्या, कमी धोक्याच्या रुग्णात संथ उतरण साधारण अशी दिसते:

- पहिला आठवडा: रोज ३० ते ६० मिलिग्रॅम, दोन डोसांत
- पहिल्या महिन्याअखेर: २०
- दुसऱ्या महिन्याअखेर: १५
- तिसऱ्या महिन्याअखेर: १०
- सहाव्या महिन्याअखेर: ५
- त्यापुढे बंद करायचं ठरलं तर: दर चार आठवड्यांनी १ मिलिग्रॅमने कमी

२० च्या वर असताना ५-५ मिलिग्रॅमची पायरी एक-दोन आठवड्यांनी चालते. २० ते १० मध्ये अडीचची, १० च्या खाली अडीचची किंवा एकची. जितकं खाली, तितकी पायरी छोटी. ४० वरून ३५ म्हणजे आठवा भाग कमी. ५ वरून अडीच म्हणजे सरळ निम्मं. एक मिलिग्रॅमच्या गोळ्या मागून घ्या. ५ ची गोळी नखाने मोडून ३ मिलिग्रॅम काढता येत नाही, आणि आतड्यात विरघळण्यासाठी आवरण दिलेली गोळी तर मोडायचीच नसते. दिवसातून एकच डोस राहिला की तो सकाळी, खाण्यानंतर. संध्याकाळी घेतला तर झोप जाते.

याहून वेगाने जाणारीही केंद्रं आहेत. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या टिकटॅक चाचणीत १५० रुग्ण होते आणि त्यांचं स्टेरॉइड सुमारे दोन महिन्यांत थांबवण्यात आलं होतं. पण तिथे टॅक्रोलिमस हा पाया होता आणि ठरलेल्या वेळी बायॉप्सी होत होत्या. ‘दोन महिन्यांत बंद करता येतं’ एवढंच वाक्य त्यातून उचलू नये. सायक्लोस्पोरिनवर असलेल्या रुग्णात तर अधिक सावकाश जावं.

महत्त्वाच्या पायरीनंतर, म्हणजे १० वर आल्यावर, ५ वर आल्यावर आणि बंद केल्यावर, दोन ते चार आठवड्यांनी बायॉप्सी किंवा तिच्या जागी टीमने ठरवलेली तपासणी झाल्याशिवाय पुढे सरकायचं नाही. एका वेळी एकच बदल. स्टेरॉइड उतरवण्याच्या महिन्यात मायकोफेनोलेट कमी करू नका, टॅक्रोलिमसचा ब्रँड बदलू नका, आणि टाळता येण्यासारखं नवीन औषध सुरू करू नका.

बायॉप्सीऐवजी रक्तातल्या जनुकांवरून धोका सांगणारी ॲलोमॅप चाचणी काही ठिकाणी वापरतात. प्रेडनिसोलोन रोज २० मिलिग्रॅम किंवा जास्त असेल, किंवा प्रत्यारोपणाला ५५ दिवस झाले नसतील, तर ती ग्राह्य नाही. तिच्यातली काही जनुकं स्टेरॉइडला प्रतिसाद देतात, त्यामुळे डोस उतरल्यावर रिजेक्शन नसतानाही आकडा थोडा वर सरकू शकतो. दात्याच्या पेशींतून रक्तात येणाऱ्या डीएनएची तपासणी जोडीला केली तर हा गोंधळ कमी होतो.

गोळी एक कमी, परिणाम चार ठिकाणी

टॅक्रोलिमसचा डोस तोच असताना लेव्हल वाढते. टॅक्रोलिमसचा निचरा करणाऱ्या यकृतातल्या आणि आतड्यातल्या एन्झाइमला स्टेरॉइड चेतवतं. ते उतरलं की निचरा मंदावतो. हात थरथरणं, डोकेदुखी, वाढलेलं क्रिएटिनिन (मूत्रपिंडाच्या कामाची रक्ततपासणी), वाढलेलं पोटॅशियम ही त्याची चिन्हं. म्हणून प्रत्येक मोठ्या पायरीनंतर एक-दोन आठवड्यांनी लेव्हल आणि क्रिएटिनिन बघायचं. मायकोफेनोलेटचंही थोडंफार असंच होतं. पांढऱ्या पेशींवर लक्ष ठेवा. याच काळात जुलाब लागले तर टॅक्रोलिमसची लेव्हल आणखी चढते, हे फार जणांना ठाऊक नसतं. जुलाबात लेव्हल कमी होत असेल असं गृहीत धरून जादा गोळी घेतली जाते आणि मूत्रपिंड अडचणीत येतं.

साखर उतरते. स्टेरॉइडमुळे वाढलेली साखर मुख्यतः दुपारी आणि संध्याकाळी दिसते. सकाळची उपाशीपोटीची साखर बरेचदा चांगलीच असते. त्यामुळे फक्त सकाळी मोजणाऱ्याला ना वाढ कळते ना घट. डोस उतरवण्याच्या आठवड्यात दुपारच्या जेवणानंतर दोन तासांनी आणि रात्रीच्या जेवणाआधी मोजा. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइड (साखर उतरवणारी गोळी) तेच ठेवलं तर संध्याकाळी साखर धोकादायकरीत्या खाली जाऊ शकते. साखर घसरल्यावर धडधड होते, ही खूण इथे भरवशाची नाही: प्रत्यारोपित हृदयाच्या नसा तुटलेल्या असतात, त्यात बीटा-ब्लॉकर (नाडी मंदावणारं औषध) चालू असेल तर आणखीच. घाम, गोंधळणं, भुकेने कासावीस होणं यांवर भिस्त ठेवा.

गाउट (यूरिक ॲसिड साचून होणारी सांधेदुखी) बाहेर येतो. टॅक्रोलिमस आणि सायक्लोस्पोरिन, विशेषतः दुसरं, यूरिक ॲसिड वाढवतात, आणि इतके दिवस स्टेरॉइडने दुखणं झाकून ठेवलेलं असतं. अंगठा लालबुंद होऊन ठणकायला लागला की हात आपोआप आयब्युप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅककडे जातो. टॅक्रोलिमससोबत ती मूत्रपिंडाला घातक आहेत. सायक्लोस्पोरिनसोबत कोल्चिसिनचा नेहमीचा डोस स्नायूंवर विषासारखा पडू शकतो. ॲझाथायोप्रिन (प्रतिकारशक्ती दाबणारं आणखी एक औषध) घेणाऱ्याला ॲलोप्युरिनॉल (यूरिक ॲसिड उतरवणारी गोळी) दिलं तर अस्थिमज्जा धोकादायकरीत्या दबते. गाउटची गोळी टीमला विचारल्याशिवाय नको.

चौथी गोष्ट अंगदुखी. तपासण्या नीट असूनही सांधे-स्नायू दुखतात, मरगळ येते, मूड उतरतो. डोस कमी केल्यानंतरचे काही दिवस ते काही आठवडे असं होऊ शकतं. पायरी लहान केली की बहुतेकदा निभावतं. मात्र कुल्ल्यात किंवा जांघेत एकाच बाजूला दुखत असेल आणि पाय टाकताना वाढत असेल, तर ते डोस कमी केल्याचं दुखणं समजू नका. स्टेरॉइडने खुब्याच्या हाडाचा रक्तपुरवठा तुटलेला असू शकतो. साध्या एक्स-रेमध्ये सुरुवातीला काही दिसत नाही, एमआरआय लागतो.

५ च्या खाली: ॲड्रिनलची झोप

शरीर स्वतः रोज जेवढं कॉर्टिसॉल (नैसर्गिक स्टेरॉइड) बनवतं ते ४ ते ६ मिलिग्रॅम प्रेडनिसोलोनच्या तोडीचं असतं. महिनोन्‌महिने बाहेरून मिळत राहिल्यावर मेंदूकडून ते बनवणाऱ्या, मूत्रपिंडावरच्या ॲड्रिनल ग्रंथीला जाणारा हुकूम बंद पडतो आणि ग्रंथी आक्रसते. डोस ५ च्या खाली गेला की उरलेली भर तिने घालायची असते. ती जागी झाली नसेल तर थकवा, मळमळ, वजन घटणं, उभं राहिल्यावर चक्कर, कमी बीपी, कमी सोडियम, कमी साखर.

तपासणी सोपी आहे: सकाळी आठ-नऊच्या दरम्यान रक्तातलं कॉर्टिसॉल. त्याआधी किमान २४ तास प्रेडनिसोलोन घेतलेलं नसावं, कारण काही लॅबच्या पद्धतीत प्रेडनिसोलोनच कॉर्टिसॉल म्हणून मोजलं जातं. म्हणजे आदल्या सकाळची गोळी घ्यायची आणि त्या दिवशीची रक्त दिल्यावर. कॉर्टिसॉल १० मायक्रोग्रॅम प्रति डेसिलिटरच्या वर असेल तर ग्रंथी सावरली असं धरून पुढे जाता येतं. ५ च्या खाली असेल तर आहे त्या डोसवर थांबून काही महिन्यांनी परत बघायचं. मधल्या आकड्यात डोस तोच ठेवून काही आठवड्यांनी पुन्हा मोजतात, किंवा एसीटीएचचं (ग्रंथीला हुकूम देणाऱ्या संप्रेरकाचं) इंजेक्शन देऊन ग्रंथी प्रतिसाद देते का ते बघतात. पोटॅशियम वाढलेलं दिसलं तर खापर ॲड्रिनलवर फोडू नका. या प्रकारच्या दुबळेपणात पोटॅशियम सांभाळणारं अल्डोस्टेरॉन बहुधा शाबूत असतं. आधी टॅक्रोलिमसची लेव्हल आणि कोट्रायमोक्साझोल (संसर्ग टाळण्यासाठी दिलेलं अँटिबायोटिक) बघा; दोन्हींनी पोटॅशियम वाढतं.

थकवा आला. आता?

हा सगळ्यांत अवघड प्रसंग. डोस उतरला, तीन आठवडे झाले, आणि रुग्ण म्हणतो, ‘अंगात त्राण नाही.’ हे ॲड्रिनलमुळे असेल, रिजेक्शन असेल किंवा संसर्ग असेल. छातीत दुखण्याची वाट बघू नका. नसा तुटलेल्या असल्याने या हृदयात दुखणं सहसा जाणवतच नाही. विश्रांतीतली नाडी ९० ते ११० असणंही यांच्यात नेहमीचंच.

काही खुणा कल दाखवतात. जिना चढताना नवी धाप, रात्री उशी उंच करावी लागणं, पायावर सूज, दोन दिवसांत दीड-दोन किलो वजन वाढणं, नाडी अचानक अनियमित होणं: कल रिजेक्शनकडे. वजन घटतं आहे, मळमळ आहे, उभं राहिल्यावर डोळ्यांपुढे अंधारी येते: कल ॲड्रिनलकडे. ताप किंवा खोकला असेल तर संसर्ग. पण कमी प्रतिकारशक्तीत ताप न येताही संसर्ग असतो. कल म्हणजे निदान नव्हे. त्याच दिवशी टीमला फोन, आणि इको, ईसीजी, ट्रोपोनिन आणि बीएनपी (हृदयाची इजा आणि ताण दाखवणाऱ्या रक्ततपासण्या), सोडियम, साखर, सकाळचं कॉर्टिसॉल, टॅक्रोलिमस लेव्हल, सीएमव्हीची (सायटोमेगॅलोव्हायरस या विषाणूची) तपासणी, गरजेप्रमाणे बायॉप्सी.

इथे एक मोह टाळायचा: ‘जरा बरं वाटेल’ म्हणून घरीच स्टेरॉइड वाढवणं. तिन्ही कारणांत एक-दोन दिवस बरं वाटू शकतं, आणि बायॉप्सीतली खूण पुसट होऊन जाते. अपवाद एकच. रुग्ण खरोखर कोसळत असेल, बीपी लागत नसेल, तर तपासणीसाठी न थांबता हायड्रोकॉर्टिसोन १०० मिलिग्रॅम शिरेतून किंवा स्नायूत द्यायचं आणि रुग्णालयात हलवायचं.

रिजेक्शन निघालं तर

लक्षणं नसलेल्या १आरला बहुधा वेगळे उपचार लागत नाहीत, पण उतरण थांबवतात. २आरला तोंडाने दर किलोमागे १ ते ३ मिलिग्रॅम प्रेडनिसोलोन तीन ते पाच दिवस, किंवा मेथिलप्रेडनिसोलोन शिरेतून. ३आर असेल किंवा पंपिंग घसरलं असेल तर भरती करून मेथिलप्रेडनिसोलोन रोज २५० ते १००० मिलिग्रॅम तीन दिवस, गरज पडल्यास टी-पेशींविरुद्धचं अँटिबॉडी औषध. एक-दोन आठवड्यांनी पुन्हा बायॉप्सी.

त्यानंतर कारण शोधा. नुसत्या स्टेरॉइडच्या पायरीमुळे झालं असं मानण्याआधी टॅक्रोलिमसच्या मागच्या लेव्हल काढून बघा. रिफाम्पिसिन (क्षयाचं औषध), फेनिटॉइन, कार्बमाझेपिन (फिट्सची औषधं) यांपैकी काही सुरू झालं होतं का? ती टॅक्रोलिमस आणि प्रेडनिसोलोन दोन्ही खाली पाडतात. किंवा एखादी बुरशीविरुद्धची गोळी संपली, आणि तिच्यामुळे कमी केलेला टॅक्रोलिमसचा डोस परत वाढवायचा राहून गेला? ही चूक फार वेळा होते. मोठे डोस दिल्यावर न्यूमोसिस्टिसविरुद्धचं (फुप्फुसाच्या एका संसर्गाविरुद्धचं) कोट्रायमोक्साझोल आणि गरजेनुसार सीएमव्हीचं औषध पुन्हा सुरू करावं लागतं. स्टेरॉइड पुन्हा उतरवायचा विचार सहा महिने शांत गेल्यावर.

शेवटची गोळी झाल्यावर

दोन ते चार आठवड्यांनी बायॉप्सी, एक ते तीन महिन्यांत अँटिबॉडीची तपासणी, आणि टॅक्रोलिमसची लेव्हल पट्ट्याच्या खालच्या टोकाला नको. कॅल्शियम, ड जीवनसत्त्व आणि हाडांचं औषध त्याच दिवशी बंद होत नाही. ते डेक्सा स्कॅन (हाडांची घनता मोजणारी तपासणी) बघून ठरतं. मोतीबिंदू झाला असेल तर तो मागे हटत नाही, डोळे तपासून घ्या.

ॲड्रिनल पूर्ण सावरायला सहा ते बारा महिने, कधी त्याहून जास्त लागतात. तोवर खिशात एक कार्ड ठेवा. त्यावर लिहा: हृदयप्रत्यारोपण झालं आहे, स्टेरॉइड अमुक तारखेला थांबलं, शस्त्रक्रिया, मोठी दुखापत, सतत उलट्या किंवा शुद्ध हरपल्यास हायड्रोकॉर्टिसोन १०० मिलिग्रॅम लगेच, टीमचा फोन नंबर. अजून लहान डोस चालू असताना ताप ३८ अंश सेल्सिअसच्या वर गेला तर टीमच्या सांगण्यावरून तो दोन-तीन दिवस दुप्पट करतात, आणि ताप प्रत्यारोपणाच्या रुग्णाला आहे म्हणून त्याच दिवशी तपासणीही होते. कार्ड टाकायचं ते सकाळच्या कॉर्टिसॉलचा आकडा हातात आल्यावर, नुसतं बरं वाटतं म्हणून नाही.